शोपँचे तीन तास

गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या मंचावर मुले पेटी, तबला, कीबोर्ड वाजवतात आणि खाली बसलेले पालक एकमेकांना हमखास विचारतात, तुमचा रोज किती वेळ बसतो? आम्हीही विचारत होतो. परीक्षा जवळ आली म्हणून मुलीला रोज चार तास पेटीवर बसवले, तर परीक्षा झाल्यावर तिने पेटीचे झाकणच उघडले नाही. त्यानंतर फ्रेदेरिक शोपँचे चरित्र हाती आले आणि ते आम्हाला चांगलेच टोचले.

शोपँचा जन्म १८१० सालचा, पोलंडमधल्या वॉर्सॉजवळच्या खेड्यातला. वडील फ्रेंचचे शिक्षक. पहिले गुरू झिवनी मुळात व्हायोलिन वाजवणारे. त्यांनी बाखची गोडी लावली, बोटे मात्र पोराने आपली आपणच घडवली. आठव्या वर्षी जाहीर कार्यक्रम झाला. १८३० मध्ये त्याने वॉर्सॉ सोडले, पाठोपाठ तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला, आणि मायदेश कायमचा सुटला.

पॅरिसला पोचल्यावर तिथले नामांकित वादक काल्कब्रेनर यांनी त्याला तीन वर्षे आपल्याकडे शिकायला सांगितले. शोपँने नम्रपणे नकार दिला, पण आपला एक कॉन्चेर्तो त्यांनाच अर्पण केला. सभागृहातली गर्दी त्याला मानवत नसे. आयुष्यभरात जाहीर मैफली जेमतेम तीसएक. पोट चालले ते शिकवण्यांवर, एका धड्याचे वीस फ्रँक.

त्या काळी बोटांचे व्यायाम करताना समोर पुस्तक उघडून वाचत बसा, असे सांगणारे शिक्षकही होते. शोपँला हे मुळीच पटत नव्हते. तीन तासांवर वाजवायचे नाही, हा त्याचा दंडक. एका शिष्येने आपण रोज सहा तास बसतो असे सांगितले, तर शाबासकीऐवजी बोलणीच खाल्ली. उरलेल्या वेळात चांगले वाचा, फिरायला जा, चांगले गवय्ये ऐका, असा त्याचा आग्रह.

बोटांविषयीचे त्याचे म्हणणे पेटीवाल्यांना लगेच उमजेल. सगळी बोटे सारख्या ताकदीची करण्याचा हट्ट त्याला नको होता. प्रत्येकाचा स्पर्श वेगळा, तोच जपावा. नवशिक्याचा हात तो असा ठेवी की अंगठा आणि करंगळी पांढऱ्या पट्टीवर, मधली तीन लांब बोटे काळ्यांवर. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांची सरगम दिसायला सोपी, पण हाताला आधार नसल्याने तीच सर्वांत अवघड, म्हणून ती शेवटी. आम्हाला तर पहिल्या दिवशी तीच शिकवली होती!

त्याच्याच वयाचा जर्मनीतला रॉबर्ट शूमान उपकरण लावून बोट बळकट करू पाहत होता. उजव्या हाताचे बोट अधू झाले आणि वादक होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

शोपँची प्रकृती मात्र कधीच धड नव्हती. १८४८ मध्ये आजारपणातच त्याने इंग्लंड-स्कॉटलंडचा दौरा केला. १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमध्ये तो गेला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी. पियानो कसा शिकवावा यावर तो पुस्तक लिहीत होता. त्याचे थोडे कच्चे कागद तेवढे मागे राहिले.