दादाभाई प्रोफेसर

शाळेच्या स्मरणिकेत आपण एकमेकांच्या आठवणी लिहितो, गुरुजनांना वंदन करतो. या वेळी अशा एका थोर पुरुषाची ओळख करून द्यावीशी वाटते, ज्याला देश पितामह म्हणून ओळखतो. पण ज्याला स्वतःला सर्वांत प्रिय होती ती मास्तरकीची पदवी. ते म्हणजे दादाभाई नौरोजी.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घरची गरिबी. वडील नौरोजी पालनजी दोर्डी हे पारशी पुरोहित. मुलगा चार वर्षांचा असतानाच ते गेले. आई माणेकबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मुलाला शिकवायचे हे त्यांनी मनाशी पक्के केले होते. ज्या गावठी शाळेत दादाभाई धुळाक्षरे गिरवीत, तिथल्या मेहताजींनी, म्हणजे पंतोजींनी, माणेकबाईंना सांगितले की मुलगा हुशार आहे, त्याला नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत घाला. त्या शाळेत तेव्हा फी नव्हती. फी असती तर दादाभाईंचे शिक्षण तिथेच थांबले असते. एका साध्या पंतोजीच्या शब्दाने एका आयुष्याची दिशा बदलली.

पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी गणितात नाव काढले, शिष्यवृत्ती मिळवली. मुंबईचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला पाठवण्याची तयारी दाखवली, निम्मा खर्चही देऊ केला. पण मुलगा तिकडे जाऊन धर्म बदलेल या भीतीने समाजातल्या वडीलधाऱ्यांनी मोडता घातला. मग १८४५ च्या सुमारास दादाभाई आपल्याच संस्थेत शिक्षक झाले. याच काळात एक विचार त्यांच्या मनात घर करून बसला. आपण शिकलो ते गोरगरिबांच्या पैशावर. तेव्हा जे मिळाले ते त्यांना परत केले पाहिजे. ही परतफेड कशी करायची, याचे उत्तर त्यांना विद्यार्थ्यांच्या एका मंडळाने दिले.

त्या काळी मुंबईत विद्यापीठ नव्हते. ते १८५७ साली निघाले. शिक्षक घडवण्याची सोयही तुटपुंजीच. अशा वेळी जून १८४८ मध्ये एल्फिन्स्टनचे प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने तिथल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. सभासदांनी जमायचे, कुणी निबंध वाचायचा आणि त्यावर चर्चा करायची, असा तिचा क्रम. इंग्रजी न येणाऱ्यांपर्यंत नवे ज्ञान पोहोचावे म्हणून लगेच तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, पहिले अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. याच सभेने पुढे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक चालवले. गुजराती शाखेत दादाभाई अग्रभागी होते. विज्ञानाचे विषय लोकांच्या भाषेत समजावून सांगण्याचा सराव त्यांना तिथे झाला.

खरी कसोटी १८४९ मध्ये आली. बेहरामजी खरशेदजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. भाषणे झाली, सर्वांनी माना डोलावल्या. तेव्हा पॅटनसाहेबांनी तरुणांना विचारले की नुसते बोलणार की काही करणार? आदल्याच वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती. मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळा होत्या, पण धर्मांतराच्या धास्तीने पुष्कळ घरे आपल्या मुली तिकडे धाडत नसत. सभासदांनी ठरवले की मुलींच्या शाळा आपण काढायच्या आणि शिकवायचेही आपणच, एक पैसा न घेता.

दादाभाई आणि त्यांचे सोबती घरोघर फिरू लागले. तुमच्या मुली पाठवा, जमले तर ओसरीवर जागा द्या, अशी विनवणी करू लागले. काही घरांतून गोड नकार मिळाला, तर कुठे जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी. तरीही ते हटले नाहीत. १८४९ च्या अखेरीस शाळा सुरू झाल्या, त्या ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली घेऊन. सकाळी मुलींना शिकवायचे आणि मग आपल्या नेहमीच्या कामाला जायचे, असा या मास्तरांचा दिनक्रम होता.

हळूहळू मुली नीट शिकताहेत, घर बिघडत नाही, हे लोकांना दिसले. कामा कुटुंबाने पैशाची मदत केली आणि मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी आधार दिला. शाळांना पगारी शिक्षक मिळाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसेही या सोसायटीच्या कामात होती. शिकवण्याचे प्रशिक्षण यांतल्या बहुतेकांना कुणी दिले नव्हते. ते शिकवता शिकवता शिक्षक झाले, आणि एकटे नव्हते म्हणूनच टिकले. एखादा खचला तर दुसरा त्याला धीर देई.

दादाभाई पुढे गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या संस्थेत पूर्ण प्राध्यापकपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १८५५ मध्ये कामा मंडळींच्या पेढीचे भागीदार म्हणून ते विलायतेला गेले. पण तिथेही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी गुजराती शिकवली. त्यानंतरचे चरित्र आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. बडोद्याची दिवाणगिरी, तीनदा काँग्रेसचे अध्यक्षपद, १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश पार्लमेंटात निवड आणि भारताच्या दारिद्र्याचा आकड्यांनिशी मांडलेला हिशेब. तो हिशेबही मुळात गणिताच्या मास्तराचाच होता. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांप्रमाणेच दादाभाईंनीही सर्व मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. बिनफीच्या शाळेत शिकलेला मुलगा ती शाळा विसरला नव्हता.

३० जून १९१७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, दादाभाई गेले. मानसन्मान पुष्कळ मिळाले, तरी उतारवयात ते सांगत की सर्वांत आवडती पदवी प्रोफेसर हीच. जुने सहाध्यायी आणि विद्यार्थी ‘दादाभाई प्रोफेसर’ अशी हाक मारत, तेव्हा त्यांना फार आनंद होई.

मित्रहो, आपल्यापैकी काहीजण शिक्षक झाले, बहुतेकांनी दुसरी वाट धरली. दादाभाईंच्या सोबत्यांतही असेच होते. कुणी डॉक्टर, कुणी व्यापारी, कुणी पत्रकार. पण जुन्या शाळासोबत्यांचे त्यांचे मंडळ नुसते भेटीगाठींसाठी नव्हते. सकाळचे काही तास त्यांनी ज्यांना शाळेचे दार बंद होते त्यांच्यासाठी ठेवले. आपल्या शाळेतही आज अशी मुले आहेत, ज्यांच्या घरी अभ्यासाला बसवणारे कुणी नाही. आपल्याला गुरुजनांनी जे दिले त्याची किंमत पैशात होत नाही, पण आठवड्यातली एक सकाळ आपण देऊ शकतो. या मेळाव्यात जमलेल्यांनी मिळून एवढे ठरवले, तर आपल्या सरांना आणि बाईंना याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?