पंडिता रमाबाई : दुष्काळातल्या मुलींना केडगावात आसरा देणारी माउली

केडगाव (ता. दौंड) : पुणे-सोलापूर रेल्वेनं जाताना केडगाव स्टेशन लागतं. नगरजवळचं नव्हे, आपल्या दौंड तालुक्यातलं. इथं सव्वाशे वर्षांपूर्वी एका विधवा बाईनं माळावर संस्था उभी केली आणि दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुलींना जगवलं. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. ५ एप्रिल १९२२ रोजी याच गावात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. मुक्ती मिशनचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण या बाईंनी काय काय सोसलं होतं, ते फार जणांना माहीत नसतं.

दुष्काळात घर संपलं

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईमाणसाला संस्कृत शिकवायचं नाही असा तो काळ, पण त्यांनी बायकोला शिकवलं आणि आईनं रमाला. तीर्थयात्रा करायची, पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर पोट भरायचं, असं हे कुटुंब गावोगाव फिरत होतं.

मग १८७४ नंतर दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते संपलं. शास्त्र्याच्या घरात मजुरी करायची सवय नव्हती आणि हात पसरायची लाज वाटत होती. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देश पालथा घालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी तिचं ज्ञान पाहून पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

पुढं भाऊही वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी जात मोडून लग्न केलं. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. दुसऱ्याच वर्षी पटकीनं नवरा गेला. चोविसाव्या वर्षी पदरात तान्हं लेकरू घेऊन त्या पुण्यात आल्या.

लंडनला जे पाहिलं

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथं लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती जोगिणींचं एक घर त्यांनी पाहिलं. समाजानं वाईट चालीच्या ठरवून टाकून दिलेल्या बायकांना त्या जोगिणी तिथं सांभाळत होत्या. कोणी हिणवत नव्हतं, मायेनं वागवत होते. असल्या बायकांवर कोणी दया करतं, हे रमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. हे कशामुळं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची येशूची गोष्ट दाखवण्यात आली. ती त्यांच्या मनाला भिडली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पण डोकं गहाण टाकलं नाही. धर्माच्या बाबतीत तिथल्या पाद्र्यांशीही त्या वाद घालत राहिल्या.

टीका झाली, काम थांबलं नाही

अमेरिकेतून मदत उभी करून ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. धोंडो केशव कर्वे यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई याच सदनात शिकल्या.

१८९३ मध्ये मात्र वादळ उठलं. मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप झाला. टिळकांच्या केसरीनं झोड उठवली, सल्लागार मंडळातले मोठे लोक बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्या श्रद्धेचं दार आपण कोणाला बंद करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. दिलेला शब्द मोडला, अशी विरोधकांची तक्रार होती. तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. पण पुढं जे घडलं, ते विरोधकांनाही नाकारता येत नाही.

दुष्काळातून केडगावला

१८९६-९७ ला मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडं गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या पोरी आणि त्यांचा गैरफायदा घ्यायला टपलेली माणसं त्यांनी पाहिली. त्यांना स्वतःचे दिवस आठवले. जवळपास ३०० मुली त्या घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ आली, शहरात इतक्या जणींना ठेवता येईना. केडगावला त्यांनी फळबागेसाठी सुमारे १०० एकर जमीन आधीच घेतली होती. मुलींना तिथं आणलं आणि मुक्ती सदन उभं राहिलं. प्लेगच्या दवाखान्यात बायकांना कसं वागवतात, याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात लिहून सरकारलाही सुनावलं.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन झालं. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची.

नुसतं बसवून खाऊ घातलं नाही. शेती, विणकाम, तेलघाणी, छपाई अशी कामं मुली शिकल्या. काम येत नाही म्हणून आपलं घर उपाशी मेलं, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या.

शेवटचं काम

हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल साध्या मराठीत आणलं. खेड्यातल्या बाईला कळावं, हा हेतू. ते छापलंही मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांनी. १९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये एकुलती मनोरमा गेली आणि आठ-नऊ महिन्यांत रमाबाईही गेल्या.

आईबाप, भाऊ, बहीण, नवरा, लेक, सगळे डोळ्यांदेखत गेले. तरी दुसऱ्याच्या लेकीसाठी दार उघडंच राहिलं. मुक्तीचं काम केडगावात आजही सुरू आहे.