खानदेशचा भाचा : सुभेदार मल्हारराव होळकर

तापीमाईच्या खोऱ्याने अनेक थोर पुरुष पाहिले. काही या मातीत जन्मले, तर काही पोरक्या वयात येथे आले आणि येथल्या भाकरीवर वाढून मोठे झाले. इंदूरच्या होळकर घराण्याचे मूळ पुरुष सुभेदार मल्हारराव हे दुसऱ्या प्रकारचे. खानदेश हे त्यांचे आजोळ आणि सासुरवाडही. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्यांचे स्मरण होणे उचितच आहे.

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ रोजी नीराकाठच्या होळ गावी धनगर कुटुंबात झाला. वडील खंडोजी हे गावचे चौगुले होते. मल्हारराव अगदी लहान असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. भाऊबंदकीचा जाच सुरू झाला, तेव्हा माउली लेकराला पोटाशी धरून तळोद्यास भावाच्या आश्रयाला आली. मामा भोजराज बारगळ यांनी बहिणीला व भाच्याला अंतर दिले नाही. हे तळोदे पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे.

मामाच्या घरी मल्हारराव मेंढरे राखू लागले. रानात झोपी गेलेल्या या मुलावर नागाने फणा धरला, अशी आख्यायिका सांगितली जाते. नाग राहो बाजूला, पण मामाने भाच्याच्या अंगची धमक ओळखली हे मात्र खरे. भोजराज हे सरदार कदम बांडे यांच्याकडे घोडेस्वारांचे पथक बाळगून होते. त्यांनी भाच्याच्या हातची काठी काढून भाला दिला आणि पुढे आपली कन्या गौतमाबाई हिचा हातही त्याच्या हाती दिला.

सुमारे १७२१ साली मल्हारराव पेशव्यांच्या पदरी आले. थोरल्या बाजीरावांच्या घोडदौडीला असाच माणूस हवा होता. १७२८ मध्ये पालखेडला निजामाची कोंडी झाली, तेथे ते होते. १७३२ साली माळव्याची वाटणी झाली, तेव्हा शिंदे व पवार यांच्या बरोबरीने होळकरांना मुलूख मिळाला. १७३९ च्या वसईच्या मोहिमेतही त्यांनी तलवार गाजविली. १७५८ साली मराठी फौजा लाहोरात शिरल्या, त्यांतही सुभेदार होते. तळोद्याच्या रानातला मेंढपाळ पंजाबपर्यंत पोहोचला.

परंतु त्यांची खरी थोरवी रणांगणाबाहेरच्या दोन गोष्टींत दिसते. पहिली गोष्ट १७३४ सालची. त्या वर्षी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र खासगी जहागीर करून घेण्यात आली. फौजेचा व राज्याचा पैसा तो दौलतीचा आणि घरच्या स्त्रीच्या हातचा तो खासगीचा, असे दोन हिशेब वेगळे झाले.

दुसरी गोष्ट १७५४ सालची. कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून एकुलते एक पुत्र खंडेराव पडले. सून अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. तो काळ असा, की तिला अडविणे हाच लोकांना अधर्म वाटावा. परंतु साठी उलटलेल्या या शिपायाने सुनेपुढे पदर पसरला. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, या भावनेने त्यांनी तिला परत फिरविले. पुढे तिला हिशेब, न्यायनिवाडा व कारभार शिकविला. मोहिमेवरून पत्रे पाठवून तोफांची व दाणागोट्याची व्यवस्था ते तिच्यावर सोपवीत.

सुभेदारांच्या चरित्रात पानिपतचा डाग आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. जड तोफखाना व कुटुंबकबिला मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, हा त्यांचा सल्ला भाऊसाहेबांनी मानला नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी दिवस फिरला तेव्हा सुभेदार आपली फौज घेऊन मैदानातून निघाले. त्यांनी वेळ ओळखली की साथ सोडली, हा वाद अद्याप मिटलेला नाही. त्यानंतर मात्र वय सत्तरीला टेकले असताना, १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत तरुण माधवराव पेशव्यांच्या पाठीशी ते उभे राहिले. म्हातारा सरदार घरी बसला नाही.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे वयाच्या ७३ व्या वर्षी सुभेदारांनी देह ठेवला. हे गाव आज मध्य प्रदेशाच्या भिंड जिल्ह्यात आहे. तेथे अहिल्याबाईंनी त्यांची छत्री उभारली. नातू मालेराव वर्षभरातच वारले आणि कारभाराचा भार अहिल्याबाईंवर आला. सासऱ्याने चितेवरून परत आणलेल्या या सुनेने काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, गयेचे विष्णुपद व वेरूळचे घृष्णेश्वर यांचा जीर्णोद्धार केला, घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. हा धर्माचा खर्च तिने खासगीतून केला, दौलतीच्या पैशाला त्यासाठी हात लावला नाही.

आपल्या भागातील थाळनेरचा किल्ला १८१८ साली इंग्रजांनी घेतला, तोवर तो होळकरांकडे होता. आज किल्ला ढासळला, राज्ये गेली. पण त्या सुनेने बांधलेल्या घाटांवर माणसे आजही स्नान करतात.

मंदिर दगडचुन्याने उभे राहते, पण टिकते ते चोख हिशेबावर. एका मामाने पोरक्या भाच्याला घास दिला, त्या भाच्याने विधवा सुनेला आधार दिला आणि त्या सुनेने साऱ्या देशाला देवळे दिली. ज्यांनी या कार्यास पैसा, धान्य व श्रम दिले, त्या सर्वांचे दान याच मालिकेतले आहे. खानदेशच्या या भाच्यास शतशः प्रणाम.