रखमाबाईंचा नकार आणि मिळकतीचे बळ

स्त्रीमुक्तीचा विचार पाश्चात्त्यांकडून आयात झाला, असे म्हणणारा एक वर्ग आपल्याकडे आजही आहे. त्या वर्गाने डॉ. रखमाबाईंच्या चरित्राकडे पाहावे. सभा नाही, संघटना नाही, केवळ एक नकार. पण त्या नकाराने तत्कालीन मुंबई इलाखाच नव्हे, तर विलायतेतील वृत्तपत्रेही ढवळून निघाली.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत, सुतार समाजात झाला. वडील लहानपणीच वारले. या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाची चाल असल्याने त्यांच्या आईने, जयंतीबाईंनी, डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीची मिळकत त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते; परंतु पुढील सर्व घटनांचे मर्म तीत आहे.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या मात्र सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या, तेथेच वाचू-लिहू लागल्या. पुढे दादाजींनी नांदावयास येण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी नकार दिला. १८८४ साली प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेले. समजण्याच्या वयापूर्वी, आपल्या संमतीवाचून झालेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, हे त्यांचे म्हणणे होते. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांची कैद भोगावी, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैदेची तयारी दर्शविली.

लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने त्यांच्यावर कठोर टीका केली, तर बेहरामजी मलबारींसारखे सुधारक पाठीशी उभे राहिले. या वादात धर्माची चर्चा पुष्कळ झाली. परंतु उभय पक्षांनी वृत्तपत्रांतून मांडलेल्या कैफियतींत मिळकतीचा मुद्दाही होताच. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. पतीचा जो हक्क पवित्र म्हणून गाजविला गेला, त्याचे मोल अशा रीतीने रुपयांत ठरले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता यातील धडा स्पष्ट आहे. नकार देण्यास धैर्य लागते हे खरे. पण नकार दिल्यानंतर उद्याची भाकरी कोठून येणार, या प्रश्नाचे उत्तर हाताशी असावे लागते. रखमाबाईंपाशी आईने दिलेली मिळकत आणि माहेरचे छत्र होते. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, अशा असंख्य स्त्रियांचा नकार मनातच विरला आणि त्याची नोंद कोणत्याही कोर्टाच्या दप्तरात झाली नाही.

वारशाने मिळालेले हे बळ रखमाबाईंनी स्वकष्टार्जित केले, यात त्यांचे मोठेपण आहे. १८८९ मध्ये त्या विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. सुरतेच्या व नंतर राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात मिळून त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली. पुन्हा विवाह केला नाही.

सप्टेंबर १९५५ मध्ये त्या निवर्तल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. ज्या दाव्याने त्यांना कोर्टात खेचले, तोच नांदविण्याचा दावा या कायद्याच्या नवव्या कलमात राहिला, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. आता तो दावा पतीप्रमाणे पत्नीलाही लावता येतो आणि कैदेची तरतूद उरलेली नाही, हे मान्य. १९८३ साली आंध्र हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. परंतु १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. कागदावर दोघांना समान असलेला हा हक्क व्यवहारात समान राहत नाही. कारण दोघांची मिळकत समान नसते.

मुलीचे शिक्षण उत्तम स्थळ मिळावे म्हणून, आणि नोकरी संसाराला हातभार म्हणून, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही अद्याप गेलेली नाही. पगार तिचा, पण त्याचा विनियोग दुसऱ्याने ठरवायचा, ही रीत तर सर्रास आढळते. जयंतीबाईंनी मुलीला दागिन्यांऐवजी मिळकतीचा हक्क दिला, म्हणून ती 'नाही' म्हणू शकली. आपण आपल्या मुलींच्या हाती काय देतो, याचा विचार प्रत्येक घराने करावयास हवा.