गुरुजी घडविणारे कर्मवीर

वाई, प्रतिनिधी

कृष्णाकाठचे घाट, ढोल्या गणपतीचे भव्य मंदिर, शास्त्री-पंडितांचे वाडे आणि प्राज्ञपाठशाळेची कीर्ती यांमुळे वाईला दक्षिण काशी म्हटले जाते. मराठी विश्वकोशाचे कामही पुढे याच गावात उभे राहिले. विद्येचे असे वैभव लाभलेल्या गावातून सह्याद्रीच्या दिशेने निघाले, की एके काळी चित्र झपाट्याने पालटत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डोंगरदऱ्यांतील वाड्यावस्त्यांवर अक्षरओळख असलेला माणूस शोधावा लागे. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या मुलाचे पत्र आले, तर ते वाचून घेण्यासाठी आई-बाप शेजारच्या गावची वाट धरीत. वाईत शास्त्रार्थ चालत होता आणि काही कोसांवर मुळाक्षरेही पोहोचली नव्हती.

हे अंतर मिटवायचे तर शाळा हवी, हे सर्वांनाच कळत होते. मात्र त्या शाळेत शिकविणार कोण, हा प्रश्न फारच थोड्यांनी मनाला लावून घेतला. वाईपासून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर, साताऱ्यात राहून त्याचे उत्तर शोधणारे गृहस्थ म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. खेड्यातील मुलांना प्राथमिक शिक्षक होण्यासाठी त्यांनी जी वाट तयार केली, तिची आठवण मात्र तुलनेने कमी काढली जाते.

नापास विद्यार्थी, शिकवणीचे मास्तर

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे, आजोळी झाला. घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते आणि मुलाने शिकून मोठा अधिकारी व्हावे, अशी त्यांची साधी अपेक्षा होती. मुलाचे लक्ष मात्र पुस्तकापेक्षा तालमीत अधिक रमले. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये इंग्रजी सहावीपर्यंत मजल मारून त्यांचे शालेय शिक्षण थांबले. पुढे हजारो शिक्षक घडविणाऱ्या या माणसाकडे स्वतःची अशी कोणतीही मोठी पदवी नव्हती.

कोल्हापुरातील खरे शिक्षण वर्गाबाहेर झाले. राजर्षी शाहू महाराजांचे राज्य तेव्हा सामाजिक बदलाची प्रयोगशाळाच बनले होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. त्या वसतिगृहाची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. काही वर्षांनी, १९१४ मध्ये, कोल्हापुरातील राजपुतळ्यांना डांबर फासल्याच्या प्रकरणात याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दबाव आला. त्यांनी तुरुंगवास पत्करला, पण साक्ष दिली नाही. आपल्याला घराबाहेर काढणाऱ्या माणसासाठीही खोटे बोलायचे नाही, हा हट्ट त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याची ओळख ठरला.

दरम्यान साताऱ्यात त्यांनी खासगी शिकवण्या घेतल्या. इंग्रजी सहावीचा हा तरुण गावात पाटील मास्तर म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे ओगले आणि किर्लोस्कर या उद्योगांच्या मालाच्या विक्रीनिमित्त ते गावोगाव फिरले. दिवे आणि नांगर विकताना त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. लोखंडी नांगराचा उपयोग पटवून देता येत होता, पण नांगराच्या पावतीवर अंगठ्याऐवजी सही करणारा शेतकरी क्वचितच भेटत होता.

फुल्यांची मागणी, साताऱ्यातील प्रयोग

भाऊराव सत्यशोधक विचारात वाढले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकांविषयी फार नेमके विचार आहेत. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पोटापुरता नव्हे तर मानाचा पगार मिळावा, तो शक्यतो शेतकरी वर्गातून यावा आणि नांगराचा रुमणा किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये, असा त्या मागणीचा आशय होता. गावकऱ्यांत मिसळणाराच गावच्या मुलांना शिकवू शकेल, हे फुले यांनी ओळखले होते. सरकारदरबारी या मागणीचे फारसे काही झाले नाही.

कराड तालुक्यातील काले येथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले. येथील वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकाच पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. अंगमेहनत करून शिकायचे, फुकट काही घ्यायचे नाही, ही येथील शिस्त होती.

या संसाराचा भार पत्नी लक्ष्मीबाईंनी उचलला. सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईंनी साऱ्या जातींच्या मुलांना आपल्या हाताने जेवू घातले. वसतिगृहातील धान्य संपले, तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून गेले. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेची पहिली मोठी देणगीदार कोण, असे विचारले तर लक्ष्मीबाईंचेच नाव घ्यावे लागेल.

आधी शिक्षक, मग शाळा

वसतिगृहातून शिकलेली मुले वाढू लागली, तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. त्या काळी मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळू शकत असे. पण प्रशिक्षण नसलेला मास्तर कायम खालच्या पायरीवर राही. पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचा ट्रेंड मास्तर म्हणजे गावात मानाचा माणूस. त्याच्या पगारातही फरक पडे. हे शिक्षण देणारी ट्रेनिंग कॉलेजे मोजकी होती. तेथे प्रवेश मिळविणे आणि शहरात राहण्याचा खर्च सोसणे कुणब्याच्या किंवा दलिताच्या मुलाला अवघड जाई.

या अडचणीवर भाऊरावांनी १९३५ मध्ये उत्तर काढले. साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. सम्राट पंचम जॉर्ज यांच्या कारकिर्दीला त्या वर्षी पंचवीस वर्षे पूर्ण होत होती, त्याचे निमित्त नावात घेतले गेले. नावात राजा असला, तरी संस्थेचा जीव त्या नावातील रूरल या शब्दात होता. खेड्यातून आलेला, खेड्यातच परत जाणारा प्राथमिक शिक्षक तयार करणे हा तिचा हेतू होता. पुढे या महाविद्यालयाला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, हा योगायोग म्हणता येणार नाही. शिक्षिका तयार करण्यासाठी जिजामातेच्या नावाने स्वतंत्र विद्यालयही संस्थेने काढले.

ट्रेनिंगचा ठरलेला अभ्यासक्रम येथेही होताच. पाठाचे टाचण काढणे, सरावशाळेत पाठ घेणे, फळ्यावरचे अक्षर सुधारणे, हजेरीपट नीट ठेवणे ही सारी तयारी भावी गुरुजींना करावी लागे. पण रयतेच्या वातावरणात त्याहून मोठा धडा दिवसभर सुरू असे. सकाळी हाती फावडे घेतलेला विद्यार्थी दुपारी खडू घेई. वेगळ्या जातीच्या सोबत्याच्या ताटाशेजारी बसून जेवलेला तरुण उद्या आपल्या वर्गात मुलांना वेगळे बसविण्याची शक्यता कमी होती. शिक्षकाची जडणघडण पाठ्यपुस्तकाइतकीच वसतिगृहात होते, यावर भाऊरावांचा भरवसा होता.

देवळात आणि चावडीत भरलेली शाळा

ही तयारी लवकरच कामी आली. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि खासगी संस्थांनी खेड्यांत व्हॉलंटरी शाळा चालवाव्यात, असे धोरण पुढे आले. लोकल बोर्डाची शाळा जेथे पोहोचली नव्हती, अशी गावे रयतेने निवडली. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही मोठा भाग मोडत असे. पायवाटेखेरीज रस्ता नसलेल्या डोंगरी वस्त्यांपर्यंत संस्थेचे शिक्षक गेले. रयतेच्या अशा शाळांची संख्या पुढे ५७८ वर पोहोचली.

बहुतेक ठिकाणी इमारत म्हणजे गावचे देऊळ, चावडी किंवा कोणाच्या तरी घराची पडवी. मानधन तुटपुंजे. पेरणी आणि काढणीच्या दिवसांत वर्ग ओस पडे. मग मास्तरांनाच बांधावर जाऊन पोरे गोळा करावी लागत. शेतकऱ्याचा मुलगा असलेल्या मास्तराला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नव्हती. फुले यांनी १८८२ मध्ये जो शिक्षक मागितला होता, तो अर्धशतकानंतर या पडव्यांमध्ये उभा राहिलेला दिसतो.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी सरकारने अधिक प्रमाणात स्वीकारली, तेव्हा या शाळा शासकीय यंत्रणेकडे गेल्या. संस्थेच्या नावाची पाटी उतरली, तरी गावात शाळा उरली. पाटीपेक्षा शाळा टिकणे महत्त्वाचे, हा हिशेब भाऊरावांच्या स्वभावाला साजेसाच होता.

अनुदान गेले, रयत उभी राहिली

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कमवा आणि शिका ही पद्धत महाविद्यालयापर्यंत पोहोचली. पाठोपाठ कसोटीचा काळ आला. गांधीहत्येनंतरच्या अस्वस्थ दिवसांत भाऊरावांनी सरकारवर टीका केली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. एवढा पसारा, शेकडो शिक्षक आणि तिजोरी रिकामी. माफी मागून मोकळे होण्याचा मार्ग समोर होता. तुरुंगात खोटी साक्ष नाकारणाऱ्या माणसाला तो मानवणारा नव्हता. खेड्यापाड्यांतून मूठमूठ धान्य आणि पै-पैसा गोळा झाला, शिक्षकांनी कळ सोसली आणि संस्था तगली. कालांतराने अनुदान पुन्हा सुरू झाले.

यात भाऊरावांच्या हट्टाची किंमत त्यांच्या शिक्षकांनीही मोजली, हे विसरता येत नाही. पगाराविना चूल पेटविणारे ते गुरुजी कोणत्याही पुतळ्याखाली नोंदले गेलेले नाहीत.

१९५५ मध्ये माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले. १९५९ मध्ये पद्मभूषण किताब आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. हे दोन सन्मान भाऊरावांच्या वाट्याला आले. इंग्रजी सहावीत अडलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने दिलेली ही पदवी होती. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. साताऱ्यात त्यांची समाधी आहे.

प्रश्न आजचाही

ट्रेंड मास्तराच्या जागी पुढे डी.एड. झालेले गुरुजी आले. आता त्या पदविकेचे नाव डी.एल.एड. आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षेचा उंबरठाही ओलांडावा लागतो. पदविका हाती घेऊन भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणारे तरुण वाई-साताऱ्यात घरोघरी भेटतात. दुसरीकडे डोंगरातील कमी पटाच्या शाळा चालू ठेवाव्यात की नाहीत, यावर वारंवार चर्चा झडते. ज्या वस्त्यांवर शिक्षक पोहोचविण्यासाठी एका माणसाने आयुष्य खर्ची घातले, त्या वस्त्यांचा हिशेब पुन्हा पटावरच्या आकड्यांनी मांडला जात आहे.

भाऊरावांनी हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडला होता. मुले किती, हे विचारण्याआधी तेथे जाऊन राहील असा शिक्षक आपण तयार केला आहे का, असे ते स्वतःला विचारीत. दक्षिण काशीपासून डोंगरातल्या शेवटच्या वाडीपर्यंतचे अंतर त्यांनी अशा माणसांच्या भरवशावर कापले. ती वाट मोकळी ठेवणे आता त्यांच्या वारसांच्या हाती आहे.