रॉल्फ सीव्हर्ट : क्ष-किरणांचे माप घेणारा शास्त्रज्ञ

नरडाण्याच्या रुग्णास एक्स-रे काढावयास सांगितला की घरची मंडळी खर्च विचारतात. शरीरात किती किरणे गेली, हे सहसा कोणी विचारीत नाही. हाच प्रश्न ज्यांनी आयुष्यभर धरून ठेवला, ते रॉल्फ सीव्हर्ट ६ मे १८९६ रोजी स्टॉकहोम येथे जन्मले. त्या काळी कातडी किती लाल झाली, यावरून मात्रेचा अंदाज बांधला जाई! सीव्हर्ट ह्यांनी इवलासा आयनीभवन कक्ष घडवून मोजणीची सोय केली. ३ ऑक्टोबर १९६६ रोजी ते निवर्तले. १९७९ साली मात्रेच्या एककास त्यांचे नाव मिळाले. छातीच्या एक्स-रेत सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट, म्हणजे अल्पच. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र जवळजवळ शंभरपट. म्हणून जुन्या फिल्म जपून ठेवाव्यात, डॉक्टरांना दाखवाव्यात. गरोदर भगिनींनी तर आधीच सांगावे.