पोर्ट आर्थरची जॅनिस

रॉक संगीताचा विषय निघाला की जुनीजाणती मंडळी हमखास सांगतात, १९६५ पर्यंतचं तेच खरं रॉक, पुढे नुसता गोंगाट आणि नशापाणी. आधीची गाणी अडीच-तीन मिनिटांची, पाय थिरकवणारी. नंतरची लांबलचक आणि कानठळ्या बसवणारी. यात तथ्य किती, हे पाहायचं तर जॅनिस जॉपलिनचं आयुष्य पाहावं.

जॅनिसचा जन्म १९ जानेवारी १९४३चा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या गावी. वडील तेल कंपनीत इंजिनिअर, तीन भावंडांत ही थोरली. घर चारचौघांसारखं. पण मुलगी जाडसर, चेहऱ्यावर मुरुमांचे डाग. त्यातून काळ्या लोकांना बरोबरीनं वागवावं, असं उघड बोलणारी. गोऱ्यांच्या शाळेत रोज टोमणे ऐकावे लागत. पुढे ऑस्टिनच्या विद्यापीठात तर सगळ्यात कुरूप पुरुष निवडण्याच्या स्पर्धेत तिचं नाव घातलं गेलं. किती लागलं असेल त्या पोरीला!

तिला आधार होता तो बेसी स्मिथसारख्या कृष्णवर्णीय गायिकांच्या रेकॉर्डचा. १९६३ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली, गायली आणि नशेच्या आहारी गेली. १९६५ मध्ये हाडांचा सापळा होऊन घरी परतली. केसांचा अंबाडा बांधला, कॉलेजात नाव घातलं, नीट राहिली. पण गाणं काही स्वस्थ बसू देईना. १९६६ मध्ये पुन्हा सॅन फ्रान्सिस्को गाठलं आणि ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ या बँडची ती गायिका झाली.

जून १९६७ मध्ये माँटेरीच्या संगीत महोत्सवात तिनं बिग मामा थॉर्नटनचं ‘बॉल अँड चेन’ गायलं आणि तिचं नाव सगळीकडे झालं. १९६८ मध्ये आलेला ‘चीप थ्रिल्स’ हा अल्बम आठ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. तोवर पॉप-रॉकमधल्या मुली बहुधा नीटनेटक्या सजून, गोड आवाजात गायच्या. ही विस्कटलेल्या केसांनी, घोगऱ्या आवाजात, पोटातलं दुःख ओठावर आणत गायची.

गंमत म्हणजे, एल्व्हिस प्रेस्लीचं १९५६चं गाजलेलं ‘हाउंड डॉग’ त्याच्याआधी याच बिग मामानं गायलं होतं. म्हणजे ज्या जुन्या रॉकचे गोडवे गायले जातात, त्याचंही मूळ काळ्या बायकांच्या गाण्यात. जॅनिस त्या मुळाकडेच गेली. मग त्याला घसरण कशी म्हणायची?

नशापाण्याचा आरोप मात्र खोटा नाही. दारू होतीच, हेरॉईनही आलं. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला ती नशेत गायली आणि ते गाणं तिच्या तोलाचं झालं नाही. १९७० मध्ये काही महिने ती हेरॉईनपासून दूर राहिली, नवा बँड जमवला. त्याच ऑगस्टमध्ये तिनं आणखी एक काम केलं. बेसी स्मिथच्या थडग्यावर १९३७ पासून साधा दगडही नव्हता. दुसऱ्या एका बाईंच्या साथीनं खर्च वाटून घेऊन तिनं तो बसवला.

पण नशा पुन्हा सुरू झाली. ४ ऑक्टोबर १९७० रोजी लॉस एंजेलिसच्या हॉटेलात, हेरॉईनच्या अतिसेवनानं ती गेली. वय अवघं २७. सोळाच दिवस आधी जिमी हेंड्रिक्स गेला होता, तोही २७चाच. तिचा शेवटचा अल्बम ‘पर्ल’ जानेवारी १९७१ मध्ये आला आणि नऊ आठवडे पहिला राहिला. त्यातल्या एका गाण्यात फक्त वाद्यं वाजतात. ते गायचं तिचं राहूनच गेलं.

नशेमुळे कलावंताची कला फुलते, असं आजही काही तरुण मुलं मानतात. जॅनिसचा आवाज घडला तो लहानपणापासून मन लावून ऐकलेल्या रेकॉर्डमधून, सोसलेल्या अपमानातून. नशेनं त्या आवाजाला काही दिलं नाही, उलट तोच हिरावून घेतला. आपल्या मुलांनी रॉक ऐकलं तर ऐकू द्यावं, पण जॅनिसची ही गोष्टही त्यांना जरूर सांगावी.